'लॅस्कर' म्हणजे नेमके कोण? आपल्याच घरातून इंग्रजीत गेलेल्या एका दर्यावर्दी शब्दाची ओळख

इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाणारी आपली मुले आठवी-नववीपर्यंत एखादे तरी जुने इंग्रजी गोष्टीचे पुस्तक वाचतातच. त्यात कधी ना कधी 'लॅस्कर' हा शब्द समोर येतो. शेरलॉक होम्सच्या १८९१ सालच्या एका कथेत लंडनमधला अफूचा अड्डा चालवणारा माणूस लॅस्कर आहे, आणि अर्थातच तो बदमाश आहे. फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांच्या 'ए लिटल प्रिन्सेस' या १९०५ च्या कादंबरीत शेजारच्या घरातला फेटेवाला हिंदुस्थानी नोकर रामदास दिसतो, आणि छोटी नायिका मनातल्या मनात त्याला लॅस्कर ठरवून टाकते. तो जहाजावर नाही, घरकाम करतो, तरीसुद्धा. मूल डिक्शनरी उघडते तर तिथे एका ओळीत उत्तर मिळते: पूर्वेकडचा, बहुधा हिंदुस्थानी, खलाशी. मूल पान उलटते आणि पुढे जाते.

आम्हाला वाटते की इथे थोडे थांबायला हवे. कारण हा शब्द इंग्रजांचा नाही. तो आपल्या घरातला आहे, आणि ज्या माणसांना तो चिकटवला गेला त्यांतले फार मोठे प्रमाण मुसलमानांचे होते. कोकणातले, सिल्हेटचे, पंजाबचे, कच्छ-काठियावाडचे.

हे आम्ही हुडकेश्वरला बसून लिहितो आहोत. इथून रेल्वेने मुंबई आठशे किलोमीटरच्या वर आहे आणि नागपूरकराला पाणी म्हणजे फुटाळा नाहीतर अंबाझरी. पण या शब्दासाठी समुद्र गाठायची गरज नाही. शहराच्या उत्तरेकडे जा, लष्करीबाग लागेल. मोहननगरकडे या, खलाशी लाइन लागेल. या दोन नावांतले 'लष्कर' आणि 'खलाशी' हे दोन शब्द नीट समजले की 'लॅस्कर' आपोआप समजतो.

मूळ शब्द फौजेचा

फारसीत 'लश्कर' म्हणजे फौज, किंवा फौजेची छावणी. मराठीत तोच 'लष्कर' झाला आणि इतका मुरला की आज वर्तमानपत्रात लष्करप्रमुख, लष्करी तळ, लष्करभरती असे शब्द रोज छापून येतात आणि कुणालाही ते परके वाटत नाहीत. पुण्यात कॅम्पला लष्कर म्हणतात. ग्वाल्हेरला लश्कर नावाचे अख्खे शहर वसले. पुढे एका दहशतवादी संघटनेने आपल्या नावात हा शब्द घेतला आणि टीव्हीवर ऐकून काहींच्या भुवया उंचावू लागल्या. पण शब्दाचा यात काय दोष? देशाच्या सैन्याला मराठी माणूस त्याच शब्दाने सलाम करतो.

अरबीत फौजेला 'अस्कर' म्हणतात. पूर्वी असे सांगितले जाई की 'अल-अस्कर' वरून 'लश्कर' बनला. यूल आणि बर्नेल या दोन इंग्रजांनी १८८६ मध्ये हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचा जो मोठा कोश काढला, 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा, त्यात मात्र उलटे मत दिले आहे: फारसी 'लश्कर' हाच आधीचा, आणि अरबांनी तो घेताना सुरुवातीचा 'ल' हा 'अल'चा तुकडा समजून गाळला. आम्हाला हे दुसरे मत जास्त पटते. शब्द उचलताना माणसे असे कान-डोळे चुकवतातच.

'लश्कर' वरून 'लश्करी', म्हणजे फौजेतला माणूस. सोळाव्या शतकात पोर्तुगीज गोव्यात आले, तेव्हा स्थानिक शिपायांना ते 'लस्करीम' म्हणू लागले. श्रीलंकेतही त्यांच्या हाताखालच्या देशी सैनिकांना हेच नाव पडले. पोर्तुगीजांकडून शब्द इंग्रजांकडे गेला आणि शेवटचा 'ई' गळून 'लॅस्कर' उरला.

शिपाई, तंबूवाला, खलाशी

इंग्रजीत या शब्दाला एकच अर्थ कधीच नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात तीन वेगवेगळ्या कामांच्या माणसांना लॅस्कर म्हणत.

पहिले 'गन लॅस्कर'. तोफ ओढणे, जागेवर बसवणे, दारूगोळा उचलून देणे ही त्यांची कामे. ते तोफखान्यात असत, पण गोलंदाजाचा मान त्यांना नसे. कामठीची छावणी १८२१ मध्ये बसली आणि तिथे मद्रासकडची फौज असे. मद्रासच्या तोफखान्यात हे गन लॅस्कर होते.

दुसरे तंबू उभारणारे. साहेबांचा मुक्काम हलला की डेरे काढायचे, बैलगाडीवर लादायचे, पुढच्या गावी पुन्हा ठोकायचे. मोजणी खात्यातही हीच माणसे. हिंदुस्थानची मोठी त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारे विल्यम लॅम्बटन हैदराबादेहून नागपूरला येत असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारले, त्यांची कबर आजही तिथे आहे. त्या मोजणीच्या तांड्यात अवजड यंत्रे, साखळ्या, निशाणे वाहणारे लॅस्कर आणि खलाशी असत. इंग्रजांची नावे पुस्तकांत राहिली. टेकडीवर यंत्र चढवणाऱ्यांची राहिली नाहीत.

तिसरे जहाजावरचे. हळूहळू पहिले दोन अर्थ मागे पडले आणि हाच उरला. फौजेचा शब्द पाण्यावर गेला तो असा.

आता 'खलाशी' पाहा, त्याचा प्रवास बरोबर उलटा दिसतो. अरबी 'खलास', म्हणजे सुटका, मोकळे होणे, यावरून तो आला असे मानतात. 'काम खलास' मधला खलास तोच. समुद्रावर खलाशी म्हणजे जहाजी. पण रेल्वेत, पाटबंधाऱ्यात, मोजणी खात्यात कोरड्या जमिनीवर काम करणाऱ्यालाही खलाशीच म्हणतात. नागपूरसारख्या रेल्वेच्या शहरात 'अब्बा रेल्वेत खलाशी होते' असे सांगणारी घरे कितीतरी. इंग्रजांनी याही शब्दाचे 'क्लॅशी' आणि 'क्लासी' केले होते. म्हणजे लष्करातला शब्द जहाजावर चढला आणि जहाजावरचा शब्द रुळांवर उतरला. दोन्हींत काम तेच: ओढा, उचला, बांधा, सोडा.

जाता जाता एक गमतीची गोष्ट. आपल्याकडच्या काही फुलपाखरांना इंग्रजांनी 'सेलर' नाव दिले, ती काळी-पांढरी. त्यांच्यासारखीच पण काळी-नारिंगी जी आहेत, त्यांना 'लॅस्कर'. गोरा खलाशी सेलर आणि रंगाचा तो लॅस्कर, हा फरक फुलपाखरांपर्यंत पोचला, असे आमचे मत. चिली देशात लास्कर नावाचा ज्वालामुखी आहे, त्याचा मात्र या शब्दाशी काही संबंध नाही. ते तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतले नाव आहे. आणि बंगाल-आसामकडे 'लस्कर' हे आडनाव खूप आढळते. आसामच्या काछाड भागात ते पूर्वीच्या राजांनी दिलेल्या किताबावरून आलेले आहे. तेव्हा आडनाव लस्कर असले की पूर्वज जहाजी असणारच, असे धरून चालू नये.

जहाजावरची उतरंड आणि आपली मराठी

लॅस्करांची टोळी एकटी नसे. वर सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, मग सुकाणी, मग साधे खलाशी. शिवाय भंडारी आणि झाडलोटीला टोपास. हे सगळे शब्द थोडे वाकवून इंग्रजीत गेले. 'सेरँग', 'टिंडल', 'सीकनी', 'भंडारी', 'टोपास' असे ते जुन्या जहाजी कागदांत सापडतात.

'सारंग' हा फारसी 'सरहंग'. इराणमध्ये आजही सरहंग म्हणजे फौजेतला कर्नल. आपल्याकडे तो जहाजावरच्या हिंदुस्थानी टोळीचा मुकादम झाला. शिवाजी महाराजांच्या आरमारात 'दर्यासारंग' हा किताब होता, त्यातला सारंग हाच. त्याच आरमारात दौलतखान हा मोठा सरदार होता आणि १६७९ च्या खांदेरीच्या लढाईत मायनाक भंडारी आणि तो एकाच बाजूने इंग्रजांशी लढले.

'तांडेल' दक्षिणेकडून आला. मल्याळम, तेलुगू आणि मराठीत तो टोळीच्या म्होरक्यासाठी आहे. कोकणात आडनाव म्हणूनही तो आहे, हिंदूंत आणि मुसलमानांतही.

सगळ्यांत सुंदर 'सीकनी'. जहाजाचे चाक धरून दिशा सांभाळणारा तो सीकनी. इंग्रजाला वाटे की यात 'सी' म्हणजे समुद्र आहे आणि पुढचा भाग काहीतरी चतुराईचा आहे. प्रत्यक्षात तो अरबी 'सुक्कान', म्हणजे सुकाणू. त्यावरून 'सुक्कानी', सुकाणू धरणारा. आपण मराठीत सुकाणू म्हणतो तो हाच शब्द. आज कोणत्याही आंदोलनाची 'सुकाणू समिती' बनते, कारखान्याची बनते, संमेलनाची बनते. त्या समितीत बसलेल्यांना कुणी सांगितले की तुमच्या नावात अरबी शब्द आहे, तर बरेच जण चकित होतील.

आणखी एक शब्द आपल्या मुलांना चटकन कळेल. जहाजावरच्या अधिकाऱ्याला, म्हणजे मेटला, लॅस्कर 'मालिम साहेब' म्हणत. हा 'मालिम' म्हणजे 'मुअल्लिम', शिकवणारा. मदरशात मुलांना सबक देणारा मुअल्लिम आणि ताऱ्यांवरून जहाजाची वाट ठरवणारा मुअल्लिम, शब्द एकच. अकबराच्या काळी अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त जहाजावरच्या माणसांचे बारा वर्ग दिले आहेत. त्यात नाखुदा, मुअल्लिम, तांडेल, सरहंग, भंडारी, सुक्कानगीर हे सगळे आहेत. साधा नाविक तिथे 'खारवा' आहे. म्हणजे ही उतरंड इंग्रजांनी बसवलेली नाही. ती आधीपासून चालत होती, इंग्रज फक्त तिच्यावर चढून बसले.

'नाखुदा' म्हणजे नावेचा मालक, 'नाव' अधिक 'खुदा'. त्याचा मराठीत 'नाखवा' झाला. कोळीवाड्यात कोळी बांधव ज्याला नाखवा म्हणतात, त्या शब्दात फारसी खुदा, म्हणजे धनी, बसलेला आहे आणि कुणाला त्याचे काही वाटत नाही, वाटूही नये. 'बंदर' फारसी. 'दर्या' फारसी. कान्होजी आंग्रे यांच्या आरमारातली 'गुराब' ही अरबी 'गुराब' म्हणजे कावळ्यावरून आली, आणि इंग्रजांनी तिचे 'ग्रॅब' केले. अरबी 'मौसिम' पोर्तुगीजांमार्फत 'मान्सून' होऊन परत आपल्या हवामानखात्यात आला.

हे एवढे सांगायचे कारण आहे. मराठीतून अरबी-फारसी शब्द काढण्याचे प्रयत्न जुने आहेत. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला, विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ झाली, आणि त्यातून मराठीला काही चांगले शब्द मिळालेही. पण समुद्रावरचे शब्द फारसे हलले नाहीत. वादळात कोश उघडायला वेळ नसतो, हे एक कारण असावे. आपल्या मुलांना शाळेत कुणी 'तुमची भाषा मराठी कुठे?' असे विचारले, तर भांडायला जाऊ नये. सुकाणू, बंदर, खलाशी, नाखवा एवढे चार शब्द शांतपणे सांगावेत.

लश्करी बोली

चार मुलुखांची माणसे एका डेकवर आली की बोली तयार होते. लॅस्करांचीही झाली. हिंदुस्थानी तिचा कणा, त्यात फारसी, अरबी, पोर्तुगीज, इंग्रजी, थोडी मलय. पुढच्या डोलकाठीच्या शिडाला 'त्रिकट' म्हणत, तो पोर्तुगीज 'त्राकेत'. अधिकाऱ्यांना ही बोली शिकावीच लागे, नाहीतर शीड कोण उतरवणार? लेफ्टनंट थॉमस रोबक या अधिकाऱ्याने १८११ मध्ये कलकत्त्यात इंग्रजी-हिंदुस्थानी जहाजी शब्दकोश छापला. तोच पुढे सुधारून १८८२ मध्ये 'लस्करी डिक्शनरी' या नावाने निघाला. साहित्यिक अमिताव घोष यांनी २००८ च्या 'सी ऑफ पॉपीज' या कादंबरीत ही बोली पुन्हा जिवंत केली. उर्दू समजणाऱ्या घरातल्या मुलामुलींनी ती कादंबरी मोठेपणी जरूर वाचावी. इंग्रज वाचकाला जे शब्द अडतात ते त्यांना घरचे वाटतील.

शब्दाआडचा कायदा

इथपर्यंत शब्दाची गंमत होती. आता त्याची दुसरी बाजू, आणि आमच्या मते खरी महत्त्वाची.

'लॅस्कर' हा फक्त एका धंद्याचा शब्द नव्हता, तो कायद्यातला वर्ग होता. १६६० च्या इंग्लिश नौकानयन कायद्याने इंग्लिश जहाजावर तीन चतुर्थांश नावाडी इंग्लिशच हवेत असे ठरवले होते. पण हिंदुस्थानात आल्यावर गोरे खलाशी तापाने मरत, पळून जात, नाहीतर आरमार त्यांना उचलून नेई. मग परतीच्या प्रवासाला लॅस्कर घेतले जात. लंडनला पोचल्यावर त्यांना परत कोण नेणार याची धड सोय नसे. थंडीत, अंगावर सुती कपडे, हातात पैसा नाही, अशा अवस्थेत ते गोदीच्या आसपास मरत. बोभाटा झाल्यावर १८२३ मध्ये कायदा झाला. त्याने जहाजमालकांवर लॅस्करांच्या खाण्याची आणि परतीची जबाबदारी टाकली, पण त्याच कायद्याने हेही ठरवले की जहाजावरच्या नोकरीपुरता लॅस्कर 'ब्रिटिश नाविक' धरला जाणार नाही. राज्य ब्रिटिशांचे, रयत ब्रिटिशांची, जहाज ब्रिटिशांचे. माणूस मात्र वेगळा.

पुढे १८५७ मध्ये लंडनच्या लाइमहाउस भागात आशियाई खलाशांसाठी एक निवारा उघडला. त्याला देणगी देणाऱ्यांत पंजाबचे पदच्युत महाराजा दुलीपसिंग होते.

वाफेची जहाजे आली, १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, आणि मागणी एकदम वाढली. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांत कामे मुलुखाप्रमाणे वाटलेली असत. डेकवर रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले, म्हणजे आजच्या रायगडचे, कोकणी मुसलमान, तसेच गुजरातकडचे खारवे. खाली बॉयलरच्या आगीपुढे पंजाबी आणि पठाण. कलकत्त्याहून निघालेल्या जहाजांत सिल्हेटी. जेवणाच्या सलूनमध्ये गोव्याचे ख्रिस्ती. भरती सारंग करी, तोही आपल्याच गावची, आपल्याच नात्यातली पोरे. त्यामुळे टोळीत शिस्त राही, कारण पळालात तर गावात तोंड दाखवायचे कसे? पण सारंगाचे कर्ज आणि दस्तुरीही त्याच पोरांच्या पगारातून जाई. आपल्या माणसांनी आपल्याच माणसांचे खाल्ले, हेही लिहून ठेवले पाहिजे.

लॅस्करला गोऱ्या खलाशाच्या एक तृतीयांश ते एक पंचमांश पगार मिळे. झोपायच्या जागेचाही हिशेब वेगळा: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोऱ्याला कायद्याने ७२ घनफूट, लॅस्करला ३६. छत्तीस घनफूट म्हणजे साधारण सहा फूट लांब, दोन फूट रुंद, तीन फूट उंच. घरातल्या मोजपट्टीने जमिनीवर मोजून पाहा. १९०६ मध्ये गोऱ्यांची जागा १२० घनफूट झाली. १९१४ मध्ये ब्रिटिश जहाजांवर सुमारे पन्नास हजार लॅस्कर होते.

१९२५ मध्ये ब्रिटनने आणखी एक आदेश काढला: रंगाने वेगळ्या परदेशी खलाशांनी पोलिसांत नोंद करावी. लॅस्कर खरे तर ब्रिटिश प्रजाजन होते. पण हातात तसा कागद नसेल तर सिद्ध कसे करणार? वर्षानुवर्षे ब्रिटिश बंदरांत राहिलेली माणसे कागदाअभावी परदेशी ठरली. कागदांच्या चिंतेत दिवस काढलेल्या घरांना ही गोष्ट जास्त समजावून सांगायला नको.

बुडालेली जहाजे, उरलेली नावे

२० मे १९२२ रोजी पी अँड ओ कंपनीचे 'इजिप्त' हे जहाज फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात एका फ्रेंच जहाजाच्या धडकेने वीस मिनिटांच्या आसपास बुडाले. ऐंशीहून अधिक माणसे गेली, त्यांतली बहुतेक जहाजावरची नोकरमाणसेच. तरी इंग्लंडच्या वर्तमानपत्रांत लॅस्कर भित्रे निघाले अशी ओरड झाली. त्या जहाजात सोने होते. ते शोधायला पुढे अनेक वर्षे खटपट झाली आणि इटालियन पाणबुड्यांनी १९३२ मध्ये ते वर काढायला सुरुवात केली.

दुसरे महायुद्ध सुरू होताच १९३९ मध्ये लॅस्करांनी अनेक बंदरांत संप केले. पाणसुरुंग आणि पाणबुड्यांच्या समुद्रात जायचे तर पगार वाढवा, ही मागणी. शेकडोंना तुरुंगात टाकले गेले, पण पगार वाढला. सप्टेंबर १९४० मध्ये 'सिटी ऑफ बनारस' हे जहाज जर्मन पाणबुडीने बुडवले. अडीचशेहून अधिक बळी गेले. त्यात इंग्लंडमधून सुरक्षित ठिकाणी निघालेली ७७ मुले होती, म्हणून हे नाव जगाला माहीत झाले. त्याच जहाजावर शंभरच्या आसपास लॅस्करही गेले. नोव्हेंबर १९४२ मध्ये मुंबईहून आफ्रिकेकडे निघालेले 'टिळावा' जपानी पाणबुडीने बुडवले, २८० जण मेले. त्या महायुद्धात सहा हजारांहून अधिक हिंदी व्यापारी नाविकांनी जीव गमावला.

कोलकात्यात प्रिन्सेप घाटाजवळ लॅस्कर स्मारक आहे. पहिल्या महायुद्धात गेलेल्या बंगाल-आसामच्या ८९६ लॅस्करांसाठी ते १९२४ मध्ये उभे राहिले. मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून अधिक नाविकांचे स्मारक आहे, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या नाविकांच्या नावांची नोंदवही मुंबई व चितगाव या दोन ठिकाणी ठेवलेली आहे. मुंबईला जाणारे आपले लोक मस्जिद बंदरला सुका मेवा, मसाले, खजूर घ्यायला जातातच. तिथून हे फार लांब नाही.

१९४७ नंतर 'लॅस्कर' हा शब्द सरकारी कागदांतून मागे पडला. पण माणसे समुद्रावर होतीच. नागपूर-कामठीच्या ज्या बुजुर्गांनी मुंबईहून मुगल लाइनच्या बोटीने हज केला, त्यांना एडनच्या आसपासची समुद्राची गडगड आठवते आणि कोकणी बोलणारे खलाशीही. हजची शेवटची बोट १९९५ मध्ये गेली. त्यानंतर आपला आणि जहाजाचा संबंध तुटला, आणि शब्दही विसरला गेला.

घरात कुणी जहाजी होते का?

विदर्भातही कोकणातून, गुजरातेतून येऊन स्थायिक झालेली कुटुंबे आहेत, आणि सासर-माहेरच्या धाग्याने कोकणाशी जोडलेली तर अजून जास्त. आपल्या घरात परदादा 'जहाजावर होते' एवढीच आठवण असेल तर शोध घेता येतो.

आधी जुन्या ट्रंकेत सीडीसी आहे का पाहावे. जहाजी नोकरीची ती पुस्तिका, तिच्यात फोटो, अंगठ्याचा ठसा, जहाजांची नावे, चढल्या-उतरल्याच्या तारखा असतात. सिल्हेटकडे तिला 'नोली' म्हणत. रद्दीत देऊ नये, लॅमिनेशनही करू नये. त्याने जुना कागद खराब होतो. दोन्ही बाजूंचे फोटो मोबाइलने काढून घरातल्या दोन-तीन जणांकडे ठेवावेत.

युद्धात गेलेल्यांची नावे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर फुकट शोधता येतात. १९१५ सालच्या ब्रिटिश जहाजांच्या खलाशी याद्याही इंटरनेटवर मोफत आहेत. मात्र आपल्या आजच्या स्पेलिंगने नाव मिळेलच असे नाही. मुहम्मद हे नाव चार-पाच तऱ्हेने लिहिलेले असते, शेख कधी आधी कधी नंतर, आणि आडनावाच्या जागी बहुधा वडिलांचे नाव किंवा काहीच नाही. त्यामुळे नावापेक्षा जहाजाचे नाव आणि साल हाती असेल तर काम लवकर होते. घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीला हे दोन प्रश्न आजच विचारून घ्यावेत: बोटीचे नाव काय, आणि ते घरी परत आले तेव्हा कोण किती वर्षांचे होते.